आई विसरायला लागली तेव्हा: डिमेन्शिया ओळखण्यापासून निवासी केंद्र निवडेपर्यंत

आई साताऱ्याला, मी पुण्यात. रोज रात्री साडेआठला फोन. "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास? पाऊस आहे का तिकडे?" दोन वर्षं आईने या प्रश्नांची उत्तरं बिनचूक दिली, कारण प्रश्न तेच होते आणि उत्तरंही तीच. तिला काही होतंय हे मला फोनवर कधी कळलंच नाही. कळलं ते दिवाळीत. चकलीचं पीठ मळून झालं होतं, सोऱ्या भरला होता, तेल तापलं होतं आणि चाळीस वर्षं चकल्या करणारी आई कढईसमोर उभी राहून मला हळूच म्हणाली, "आता काय करायचं असतं गं?"

तिथून तिच्यासाठी निवासी केंद्र निवडेपर्यंत चार वर्षं गेली. त्यातली निदान दोन आम्ही वाया घालवली. पुढचं सगळं लिहितेय ते त्या दोन वर्षांसाठी. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, बऱ्याच गोष्टी आई-वडील स्वतः बोलू शकतात, सही करू शकतात, "हे नको, ते चालेल" म्हणू शकतात तोवरच करून घ्यायच्या असतात.

नेमकं काय बघायचं

विसरणं हे एकटं लक्षण फसवं आहे. लग्नात कोण कोण भेटलं हे न आठवणं वयाचं असू शकतं. लग्नाला गेलोच होतो हे न आठवणं वेगळं. नाव जिभेवर अडकून दुपारी आठवणं सगळ्यांचंच होतं. पण "ते हे... आपलं ते... पाणी प्यायचं" असं म्हणत भांड्याकडे बोट दाखवणं वाढलं, तर लक्ष द्या.

स्मरणशक्तीच्या बरोबरीने बिघडू लागतो तो कामांचा क्रम. पुरणपोळी, बँकेची स्लिप, भिशीचा हिशेब, रमीचा डाव, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. जिथे पाच गोष्टी एकामागून एक डोक्यात धराव्या लागतात, तिथे आधी गळती दिसते. आई भाजीवाल्याला दर वेळी पाचशेचीच नोट द्यायला लागली होती. सुट्टे मोजायला नकोत म्हणून. आम्हाला वाटलं, हात सैल झाला. घरी सुट्ट्यांनी भरलेले डबे सापडले तेव्हा उलगडा झाला.

स्वभाव बदलतो. आयुष्यभर माणसांत रमणारी बाई हळदीकुंकवाला जायचं टाळते, कारण तिथे गप्पांचा धागा धरता येत नाही. पाटल्या स्वतःच पिठाच्या डब्यात ठेवून कामवाल्या मावशींवर आळ घेतला जातो. आमच्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या बाईंना यामुळे काम सोडावं लागलं, आणि आम्ही त्यांच्यावरच संशय घेतला. ती लाज अजून आहे.

आणखी एक खूण डॉक्टरांनी दाखवली. आईला काही विचारलं की ती उत्तर देण्याआधी मान वळवून बाबांकडे बघायची आणि बाबा उत्तर द्यायचे. आमच्या घरातला पडदा बाबाच होते. गॅस ते बंद करत, गोळ्या ते देत, नावं ते पुरवत. "वय झालंय तिचं, तुला तरी सगळं आठवतं का?" हे वर. बाबांचा खुबा मोडला आणि ते बारा दिवस रुग्णालयात होते, तेव्हा पडदा सरकला. अनेक घरांत आजार असाच उघडा पडतो, सांभाळणारा जोडीदार आजारी पडल्यावर.

म्हणून दूर राहणाऱ्यांनी दोन दिवसांच्या भेटीवर विसंबू नये. पाहुणं माणूस आलं की आई-वडील सगळी शक्ती एकवटून नीट वागतात. आठवडाभर राहा. फ्रीज उघडा, गोळ्यांची पाकिटं मोजा, पासबुक बघा, विजेचं बिल दोनदा भरलंय का पाहा. आणि वही ठेवा: तारीख, वेळ, काय घडलं. "हल्ली विसरते" या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. "12 तारखेला संध्याकाळी घराच्या गल्लीत रस्ता चुकली" याचा होतो.

अचानक झालं असेल तर थांबू नका

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी सरकतो. कालपर्यंत बरा असलेला माणूस आज असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपतोय, रात्री भिंतीवर माणसं बघतोय, तर तो 'म्हातारचळ' समजू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हे होतं), न्यूमोनिया, नवं औषध, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही कारण असू शकतं. पडल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी माणूस बदलला तर डोक्यात रक्त साकळलंय का, हे बघावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेषच.

डॉक्टरांकडे

न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकिॲट्रिस्ट, दोघांकडे हे निदान होतं. मोठ्या रुग्णालयांत 'मेमरी क्लिनिक' असेल तर उत्तम. आईला "तुझं डोकं तपासायचंय" म्हणू नका. आम्ही बीपी तपासायला म्हणून नेलं, आणि बीपी खरंच तपासलं.

डिमेन्शियासारखी दिसणारी आणि उपचारांनी बरीचशी सुधारू शकणारी कारणं आधी बाजूला काढतात. बी-12 ची कमतरता (शाकाहारी घरांत हे हमखास तपासा), थायरॉइड, नैराश्य, वर्षानुवर्षं चालू असलेल्या झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीची किंवा लघवीच्या तक्रारीवरची काही औषधं. कानाला ऐकू येत नसेल तरी माणूस गोंधळलेला वाटतो. सगळी औषधं, आयुर्वेदिक पुड्यांसकट, पिशवीत घालून न्या. रक्ततपासण्या आणि मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन होतो. मग प्रश्नोत्तरांची चाचणी: घड्याळ काढा, शब्द लक्षात ठेवा, आज तारीख काय. ही चाचणी मराठीतूनच घ्या असा आग्रह धरा आणि आई-वडील किती शिकलेत ते आधीच सांगा, कारण कमी शिक्षणाने गुण कमी पडतात. तारखेऐवजी "आज एकादशी" म्हणणारी आजी चुकलेली नसते.

डिमेन्शिया हे आजारांच्या एका कुळाचं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यातले 60 ते 70 टक्के रुग्ण अल्झायमर्सचे असतात. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा, लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल असे प्रकार. प्रकार विचारून लिहून ठेवा, कारण पुढे त्याचा उपयोग होतो. लेवी बॉडी असलेल्यांना हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं धोकादायक ठरू शकतात आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला हे तुम्हालाच सांगावं लागेल. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्यांनी काहींना काही काळ बरं वाटतं, पण त्या आजार थांबवत नाहीत. भारतात 60 वर्षांवरच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे साधारण 7.4 टक्के. तुमच्या सोसायटीतही कोणीतरी हेच लपवत असेल.

कागद: हे निदानाच्या महिन्यातच

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. बाबांनी आईचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून ठेवलं होतं आणि आम्ही निर्धास्त होतो. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 201 तेच सांगतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं, नेमका त्याच दिवशी तो कागद निकामी. त्यानंतर आईच्या नावावरचा फ्लॅट विकून तिच्याच देखभालीसाठी पैसे उभे करायचे असतील, तर उच्च न्यायालयाकडून पालकत्व मिळवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशी पालकत्वं दिली आहेत, पण वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

तेव्हा समज शाबूत आहे तोवर वकिलाकडे बसा. सुरुवातीच्या टप्प्यातल्या निदानाने मृत्युपत्र करण्याचा हक्क जात नाही. मात्र त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा आणि शक्य तर नोंदणी करा. बँक खातं 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीने संयुक्त करा, सगळीकडे नॉमिनी लावा. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची तजवीज ठेवा, कारण सही बदलत जाते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि माझ्या वतीने कोणी बोलावं. आईने तेव्हा काय लिहिलं असतं, हे आता कधीच कळणार नाही.

घरी किती दिवस

शक्य तितके दिवस घरीच, असं मी म्हणेन. पण 'शक्य' कोणासाठी, हेही विचारा. चर्चा मुलगे करतात आणि रात्री दोनला सून उठते. तिला कोणी विचारत नाही.

मधल्या काळात घर बदला: गॅसचा कॉक रेग्युलेटरपाशी बंद, बाथरूमच्या आतली कडी काढलेली, दाराची बेल, कपड्यांना आतून शिवलेला फोन नंबर. दिवसाचं डे-केअर मिळालं तर घ्या. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन अशी केंद्रं चालवतं. 1992 पासून काम करणाऱ्या 'एआरडीएसआय' या डिमेन्शियासाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या शाखा माहिती देतात. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, मनाच्या आरोग्यासाठी टेलिमानस 14416. ब्युरोतून अटेंडंट ठेवलात तर सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

केंद्राचा विचार कधी करायचा? सांभाळणाऱ्याची रात्रीची झोप सलग काही महिने तुटलीय, माणूस घराबाहेर निघून जातोय, अंघोळ आणि डायपर बदलताना मारहाण होतेय, किंवा चौऱ्याहत्तर वर्षांची बायको ऐंशी किलोच्या नवऱ्याला उचलतेय. यातलं एकही खरं असेल तर शोधायला लागा. शोधणं म्हणजे नेणं नव्हे. चांगल्या ठिकाणी प्रतीक्षायादी असते, आणि रुग्णालयातून डिस्चार्जच्या दिवशी निवडलेलं केंद्र म्हणजे त्या रात्री जिथे खाट मोकळी होती ते केंद्र.

केंद्र निवडताना

पहिली गोष्ट, साधा वृद्धाश्रम आणि डिमेन्शियाचं केंद्र एक नव्हे. बहुतेक वृद्धाश्रमांना स्वतःचं स्वतः करणारी माणसं हवी असतात. आम्ही पहिल्यांदा फसलो ते इथेच. एका वृद्धाश्रमाने आईला घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "तुमच्या आई रात्री सगळ्यांची दारं वाजवतात, घेऊन जा." म्हणून सगळ्यात आधी हा प्रश्न: "कुठल्या अवस्थेत तुम्ही रुग्णाला परत पाठवता?" अंथरुणाला खिळला तर? आक्रमक झाला तर? नळीने जेवण द्यायची वेळ आली तर? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं बघू नका.

पहिली भेट वेळ ठरवून करा. दुसरी न कळवता, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. आपल्याकडे कातरवेळ म्हणतात ना, ती या आजारात खरोखर कातरते. दिवेलागणीला अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, येरझारा घालतात, "घरी जायचंय" म्हणून दाराशी येतात. आणि बऱ्याच ठिकाणी नेमकी त्याच सुमाराला कर्मचाऱ्यांची पाळी बदलते. अकरा वाजता सगळीच केंद्रं छान दिसतात. सहा वाजता दाराशी रडणाऱ्या आजोबांशी तिथली मुलगी कशी बोलते ते बघा. "बसा म्हटलं ना!" की हात धरून चार फेऱ्या? मी सात ठिकाणं पाहिली. निर्णय या एका दृश्यावर झाला.

मग नाक वापरा. लघवीचा वास वाईटच, पण फिनेलचा फार उग्र वासही काहीतरी झाकत असतो. टीव्हीसमोर ओळीने बसवलेली, माना पडलेली माणसं दिसली तर झोपेची औषधं कोण ठरवतं, किती जणांना चालू आहेत, घरच्यांना विचारून देता का, हे विचारा. कोणाच्या मनगटावर पट्टीचे वळ दिसतात का बघा. बांधून ठेवण्याबद्दल 2017 चा कायदा स्पष्ट आहे: तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून, गरजेपुरताच वेळ. माणसं कमी आहेत म्हणून बांधणं चालत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हेही याच दमात विचारून घ्या. हे प्रश्न विचारणाऱ्याकडे व्यवस्थापक कसा बघतो, त्यातही उत्तर असतं.

दिवसा किती माणसं आहेत यापेक्षा रात्री दोनला किती जागी असतात ते विचारा. प्रशिक्षित नर्स आहे की सगळ्या 'सिस्टर' म्हणवणाऱ्या मदतनीसच? पडल्याची नोंदवही दाखवतील का? "आमच्याकडे कोणी पडतच नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाईची अंघोळ बाईच घालते ना? संडासाला धरायला दांडा आहे का? आग लागली तर कुलूपबंद दार कोण उघडणार?

भाषेचा मुद्दा माहितीपत्रकात सापडत नाही, आणि माझ्या मते तो अर्ध्या सोयींपेक्षा मोठा आहे. आजार वाढतो तशा नंतर शिकलेल्या भाषा बऱ्याचदा आधी जातात आणि आईची भाषा उरते. शहरांतल्या केंद्रांत मदतनीस बऱ्याचदा परप्रांतातून आलेले असतात. मुलं प्रेमळ असतात, पण "पोटात कळ येतेय" हे त्यांना कळणार कसं? तुमची आई मालवणी किंवा अहिराणी बोलणारी असेल तर अडचण दुप्पट. निदान प्रत्येक पाळीत एक मराठी बोलणारं माणूस आहे का, बघा. आईच्या शेजारच्या खोलीतल्या आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण कोणी हरिपाठ सुरू केला की पुढची ओळ तेच म्हणायचे.

शेवटी रविवारी सकाळी फाटकाबाहेर थांबा आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांशी बोला. दहा मिनिटांत खरं काय ते कळतं.

पैसे आणि करार

महिन्याचा आकडा हा खर्चाचा पहिला भागच असतो. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरची भेट, रुग्णालयात न्यावं लागलं तर सोबतचा माणूस, हे बहुधा वेगळं. दर वर्षी वाढ किती, डिपॉझिट परत मिळतं का, रुग्णालयात असताना खोलीचं भाडं चालू राहतं का, नोटीस किती दिवसांची, हे लेखी घ्या. निदानानंतर माणूस साधारण चार ते आठ वर्षं जगतो, काही जण वीससुद्धा. भावंडांनी तेवढ्या वर्षांचा हिशेब एकदाच मांडावा आणि एक सामाईक खातं उघडावं. "तू पैसे देतोस, मी फेऱ्या मारते" यावरून आमच्याकडे दोन गणपती अबोल्यात गेले. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर ज्येष्ठांसाठी 1 लाखापर्यंतची वजावट (80 डीडीबी म्हणून ओळखली जाणारी) बसते का, सीएला विचारा. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र लागतं.

नेण्याचा दिवस

आधी पंधरा दिवसांच्या तात्पुरत्या मुक्कामाने सुरुवात करा. सकाळी न्या, संध्याकाळी कधीच नाही. सोबत तिची गोधडी, तिचं तांब्याभांडं, लग्नातला नव्हे, तिच्या माहेरचा फोटो. कपड्यांवर नाव शिवा, नाहीतर आठवड्यात दुसऱ्याच्या गाऊनमध्ये दिसेल. एक पान लिहून द्या: काय म्हणून हाक मारलेली आवडते, चहात साखर किती, अंघोळ कधी, कशाची भीती, कुठल्या गाण्याने शांत होते. आईच्या पानावर आम्ही लिहिलं होतं, "त्यांना बाई म्हणा." तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला 'आजी' ही हाक लागतच नव्हती.

"घरी जायचंय" याला "हेच तुझं घर" हे उत्तर देऊ नका. ती ज्या घराबद्दल बोलते ते बहुधा कऱ्हाडचं माहेर असतं, आणि ते पाडून तीस वर्षं झाली. "तिथल्या विहिरीबद्दल सांग ना," म्हटलं की ती सांगत बसते.

त्यानंतर

वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी जा. दर महिन्याचं वजन विचारा. उतरलं तर कोणी भरवत नाहीये, किंवा गिळायला त्रास होतोय. टाचा, माकडहाड, पाठ स्वतः बघा, लालसर डाग म्हणजे जखमेची सुरुवात. शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालायची का, हा प्रश्न येतोच. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि हळूहळू हाताने भरवणं तज्ज्ञ पसंत करतात. भावंडांनी हे आधी बोलून ठेवा. रात्री अकराला रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये नको.

भेटीला जाताना हातात काम घेऊन जा. मी नेलकटर आणि तेलाची बाटली नेते. नखं कापते, वेणी घालते. बोलणं सुचलं नाही तरी तास जातो. निघणं मात्र मला बरेच दिवस जमेना. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. मी तसंच म्हणायचे, आणि आई दाराशी उभी राहून मी यायची वाट बघायची. तिथल्या एका मदतनीस ताईने युक्ती सांगितली. आता मी निघायची वेळ साडेबाराच्या जेवणाशी जुळवते. ताट समोर येतं, ती वरणभात कालवायला लागते आणि मी काही न म्हणता चप्पल घालते.